मतदार खोटे बोलतात काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. १९७२ साली मुंबईत दलित तरुणांनी आपल्या संघटनेला जे नाव दिले तेही अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरूनच. म्हणून त्या देशातील एका मर्यादित प्रश्नाकडे आज आपले लक्ष वेधावे असे वाटते. कृष्णवर्णीय उमेदवार उभा असला म्हणजे निवडणूकपूर्व पाहण्यांचे आकडे फसवे ठरतात काय? गोरा मतदार पाहणी करणाऱ्याला एक सांगतो आणि मतपत्रिकेवर दुसरीच खूण करतो, हे कितपत खरे आहे?

हा प्रश्न केवळ संख्याशास्त्राचा नाही. उमेदवारी वाटणारे पुढारी कृष्णवर्णीय कार्यकर्त्याला सांगू शकतात की, ‘तुम्ही लायक आहात, आकडेही तुम्हाला अनुकूल आहेत, पण लोक खरे बोलत नाहीत.’ या युक्तिवादाला उत्तर देता येत नाही, कारण अनुकूल पुरावा जितका वाढेल तितका तो अविश्वसनीय ठरवता येतो. म्हणूनच तो मुळातून तपासला पाहिजे.

या समजुतीला ‘ब्रॅडली परिणाम’ असे नाव पडले आहे. टॉम ब्रॅडली हे गुलामाचे नातू आणि वाट्याने शेती करणाऱ्या टेक्सासमधील कुटुंबातले. पोलिस खात्यात नोकरी करून ते पुढे राजकारणात आले आणि १९७३ साली लॉस एंजलिसचे महापौर झाले. १९८२ साली ते कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. पाहण्यांमध्ये ते आघाडीवर होते. मतदानाच्या दिवशी मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीवरून त्यांच्या विजयाचे भाकीतही झाले आणि एका प्रमुख दैनिकाने आपल्या पहिल्या आवृत्तीत तसा मथळा छापला. प्रत्यक्षात सुमारे ७८ लाख मतांमध्ये ते ९३ हजारांच्या आसपास मतांनी पराभूत झाले. विजयी झालेले जॉर्ज ड्यूकमेजियन यांचे प्रचारप्रमुख बिल रॉबर्ट्स यांनी निवडणुकीपूर्वीच जाहीरपणे म्हटले होते की, पाहणीत न दिसणारी पाच टक्के मते आपल्या बाजूला आहेत. या विधानावरून गदारोळ होऊन त्यांना प्रचारातून दूर व्हावे लागले. निकाल लागल्यावर मात्र त्यांचेच म्हणणे खरे ठरले असे सर्वांना वाटले.

परंतु तपशिलात गेल्यास चित्र वेगळे दिसते. मतदान केंद्रांवर त्या दिवशी पडलेल्या मतांत ब्रॅडलीच पुढे होते. त्यांना हरवले ते टपाली मतांनी. विरोधी रिपब्लिकन पक्षाने ही मते मिळवण्यासाठी फार मोठी मोहीम चालवली होती. घरबसल्या मत पाठवणारा मतदार केंद्राबाहेर उभ्या असलेल्या पाहणीकाराला भेटणारच नव्हता. त्याला खोटे बोलण्याची संधीही मिळाली नाही! शिवाय त्याच मतपत्रिकेवर पिस्तुलांवर निर्बंध घालणारा एक प्रस्ताव होता. त्याला विरोध करण्यासाठी ग्रामीण, रूढिप्रिय मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडला आणि प्रस्तावाबरोबर त्याने ब्रॅडलींविरुद्धही मत दिले. वर्णद्वेष या निकालात नव्हताच असे मी म्हणणार नाही. मात्र ज्या निवडणुकीवरून या परिणामाला नाव मिळाले, तिचा निकाल खोट्या उत्तरांवाचूनही बऱ्याच अंशी उलगडतो.

मग हा सारा भ्रम होता काय? तसेही नाही. १९८९ साली व्हर्जिनिया राज्यात डग्लस वाइल्डर गव्हर्नर झाले. निवडून आलेले ते अमेरिकेच्या इतिहासातील पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर. पाहण्यांनी त्यांना भक्कम आघाडी दिली होती. जिंकले ते सात हजारांहूनही कमी मतांनी. त्याच निवडणुकीच्या एका अभ्यासात असे आढळले की, प्रश्न विचारणारा कृष्णवर्णीय असेल तर वाइल्डर यांना पाठिंबा सांगणारे गोरे मतदार आठ ते अकरा टक्क्यांनी अधिक निघत. विचारणारा गोरा असेल तर ते प्रमाण उतरे. पाहणीतील उत्तर फुकट असते. त्याने आपले काही जात नाही, उलट समोरच्याच्या नजरेत आपण सभ्य ठरतो. मत देताना तो हिशेब बदलतो.

याहून महत्त्वाची गोष्ट ‘अद्याप ठरवले नाही’ असे सांगणाऱ्यांची. एक काल्पनिक उदाहरण घ्या. कृष्णवर्णीय उमेदवाराला ४६ टक्के, गोऱ्या उमेदवाराला ४० टक्के आणि अनिश्चित १४ टक्के. वृत्तपत्र लिहिते, सहा टक्क्यांची आघाडी. आता या चौदांपैकी तीन-चतुर्थांश मतदार शेवटी गोऱ्या उमेदवाराकडे गेले, तर निकाल ४९.५ विरुद्ध ५०.५ असा लागतो. येथे कृष्णवर्णीय उमेदवाराला पाठिंबा सांगणाऱ्यांपैकी कोणीही खोटे बोललेला नाही. चूक झाली ती आघाडीचा आकडा पाहण्यात. आपला पूर्वग्रह उघड करण्याचा संकोच असलेला मतदार बहुधा खोटे नाव सांगत नाही. तो मौनाचा आश्रय घेतो.

आणखी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. पाहणीतील चूक आणि समाजातील वर्णद्वेष या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. १९८३ साली शिकागोमध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन हे डेमोक्रॅटिक पक्षाचे महापौरपदाचे उमेदवार होते. त्या शहरात १९३१ नंतर रिपब्लिकन महापौर झालेला नव्हता. तरीही या वेळी गोऱ्या डेमोक्रॅट मतदारांचे थवेच्या थवे उघडपणे प्रतिपक्षाकडे गेले आणि वॉशिंग्टन जेमतेम ५२ टक्क्यांपर्यंत पोहोचले. ‘फार उशीर होण्यापूर्वी’ एप्टन यांना मत द्या, अशी प्रतिपक्षाची घोषणा होती. तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. असा द्वेष उजळ माथ्याने वावरतो, तेव्हा पाहणी अचूक येऊ शकते आणि अन्याय मात्र पुरेपूर होतो. म्हणून ‘पाहण्या आता बरोबर येतात, तेव्हा वर्णद्वेष संपला’ हा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे.

या विषयाचा सर्वांत व्यापक अभ्यास डॅनियल हॉपकिन्स या राज्यशास्त्रज्ञाने केला. १९८९ ते २००६ या काळातील गव्हर्नर व सिनेट यांच्या १८० निवडणुका त्यांनी तपासल्या. कृष्णवर्णीय उमेदवारांना पाहणीपेक्षा कमी मते मिळण्याचा प्रकार १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत खरोखरच दिसतो, पुढे तो नाहीसा होतो, असे त्यांना आढळले. स्त्री-उमेदवारांच्या बाबतीत तसा परिणाम कधीच दिसला नाही.

तो नाहीसा का झाला? गोऱ्या मतदाराचे अंतःकरण चार-सहा वर्षांत पालटले म्हणून नव्हे. १९८० च्या दशकात गुन्हेगारी आणि सरकारी मदतीवर जगणारे लोक हे राष्ट्रीय राजकारणाचे मध्यवर्ती विषय करण्यात आले होते आणि दोन्हींना काळा चेहरा देण्यात आला होता. १९९० साली नॉर्थ कॅरोलिनात हार्वी गँट यांच्याविरुद्ध जेसी हेल्म्स यांनी दूरचित्रवाणीवर जाहिरात दिली. नोकरी नाकारल्याचे पत्र चुरगाळणारे एका गोऱ्या माणसाचे हात तीत दाखवले होते. बेकारीची भीती खरी होती. ती मालकाकडून वळवून शेजारच्या काळ्या कामगाराकडे नेण्यात आली. १९९६ मध्ये कल्याणकारी मदतीचा कायदा बदलल्यानंतर आणि गुन्हेगारीचा विषय मागे पडल्यानंतर पाहणी व मतदान यांतील तफावतही ओसरली, असा हॉपकिन्स यांचा निष्कर्ष आहे. कायद्यातला तो बदल गरिबांच्या हिताचा होता असे मी मुळीच मानत नाही. परंतु पूर्वग्रह राजकारणाने पेटतो आणि राजकारणानेच मंदावतो, एवढे यातून दिसते.

२००८ साली बराक ओबामा उभे राहिले तेव्हा जुनी भीती पुन्हा वर आली. न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत पाहण्यांनी त्यांना सुमारे आठ टक्के आघाडी दिली असताना हिलरी क्लिंटन जिंकल्या. लगेच ब्रॅडलींचे नाव निघाले. पण ओबामांना मिळालेला मतांचा वाटा पाहण्यांच्या अंदाजाजवळच होता. कमी धरला गेला होता तो क्लिंटन यांचा वाटा. त्याच महिन्यात साउथ कॅरोलिनात ओबामा ५५ विरुद्ध २७ अशा फरकाने जिंकले. पाहण्यांनी दाखवलेल्या आघाडीच्या दुपटीहून हे अंतर अधिक होते. तेथे कृष्णवर्णीय मतदारांचा उत्साह पाहणीकारांच्या हिशेबात आलेला नव्हता. नोव्हेंबरमधील अंतिम निकाल तर पाहण्यांच्या सरासरीच्या अगदी जवळ लागला. ‘लोक खरे बोलत नाहीत’ म्हणून त्यांची उमेदवारी आधीच बाजूला ठेवली असती, तर हे कधी कळलेच नसते.

आणखी एक उदाहरण भारतीय वंशाच्या उमेदवाराचे. बॉबी जिंदल यांचे राजकारण आपल्याला मान्य होण्यासारखे नाही. परंतु २००३ साली लुइझियानात पाहण्यांत पुढे असूनही ते सुमारे चार टक्क्यांनी हरले. पराभवात वर्णाचा वाटा असल्याची चर्चा तेव्हा झाली, विशेषतः राज्याच्या उत्तर भागासंबंधी. त्याच उत्तर भागात पुढची वर्षे ते पुन्हा पुन्हा जात राहिले आणि २००७ मध्ये पहिल्याच फेरीत निम्म्याहून अधिक मते घेऊन निवडून आले. माणूस तोच, वर्ण तोच, राज्यही तेच.

साथींनो, यातून आपण काय घ्यावे? आकडे वाचायचे असतील तर आघाडीकडे न पाहता आपल्या उमेदवाराचा स्वतःचा वाटा पाहावा. अनिश्चित मतदार समसमान वाटले जातील असे गृहीत धरू नये. प्रश्न कोणी विचारला आणि कोणाला विचारलाच गेला नाही, याची चौकशी करावी. टपाली मतांसारख्या कंटाळवाण्या कामात प्रतिपक्ष पुढे गेला असेल, तर त्याचा दोष मतदाराच्या अप्रामाणिकपणावर ढकलू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘लोक तोंडाने हो म्हणतात, पण मत देणार नाहीत’ एवढ्या तर्कावर अल्पसंख्याक समाजातील कार्यकर्त्याची उमेदवारी नाकारली जात असेल, तर त्या बैठकीत उठून पुरावा मागावा. मतदारावर ठेवलेला तो आरोप पुष्कळदा उमेदवारी देणाऱ्यांच्याच मनातला असतो.