बायोडिझेलसाठी जुनी पिकअप घेताना



पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला येणारे भाविक असोत, नाहीतर आसपासच्या गावांतून परभणीच्या मोंढ्याकडं निघालेला माल असो, हा सगळा भार आता पिकअपवर आला आहे. सोयाबीनची पोती, भाजीचे कॅरेट, दुधाचे कॅन, मंडपाचं सामान, शेळ्या, सगळं तिच्याच हौद्यात. गाडीचा हप्ता एकदाचा फिटतो, डिझेलचा खर्च मात्र फिटत नाही. त्यामुळं गावोगावची तरुण मुलं आता विचारू लागली आहेत की, एखादी जुनी पिकअप घेतली आणि तिच्यात बायोडिझेल घातलं, तर जमेल का?

जमेल. पण त्यात इंधनापेक्षा गाडीची निवड महत्त्वाची आहे. बाजारात जिला ‘जुनं मॉडेल’ म्हणून कमी किंमत येते, तीच गाडी या कामाला बऱ्याचदा योग्य ठरते. असं का, ते आज जरा सविस्तर सांगतो.

डिझेल इंजिनाला वनस्पतीचं तेल नवं नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पुढं जमिनीतलं तेल स्वस्त झालं आणि हा विषय मागं पडला. आपल्याकडं २००३ च्या सुमारास तो मोठ्या आशेनं परत आला, मोगली एरंडाच्या रूपानं. नियोजन आयोगानं पडीक जमिनीवर लाखो हेक्टर लागवडीचा आराखडा मांडला. आपल्या राज्यात नाशिक भागातल्या वनशेती करणाऱ्या शेतकऱ्यांनी त्याच्या आधीच हे झाड लावून पाहिलेलं होतं. झाड जगलं, बी मात्र हिशोबात बसेल इतकं आलं नाही. पाणी आणि खत दिल्याशिवाय मोगली एरंड पिकत नाही, आणि पाणी-खत द्यायचंच तर शेतकरी कापूस का लावणार नाही? कोरडवाहू शेती करणाऱ्या आपल्या भागाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता सरकारी धोरणाचा रोख तळणीच्या वापरलेल्या तेलाकडं वळला आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून नियम लागू केला, की तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल पुन्हा खाण्यात वापरायचं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असं तेल गोळा करून बायोडिझेलकडं वळवण्याची मोहीम सुरू झाली. २०१८ च्याच राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट ठेवलेलं आहे. मला ही दिशा मनापासून पटते. भज्याच्या कढईतलं काळं तेल पुन्हा कुणाच्या पोटात जाण्यापेक्षा इंजिनात गेलेलं केव्हाही चांगलं.

आपलं सोयाबीन आपणच गाळून गाडीत घालावं, असंही काही जण म्हणतात. एक क्विंटल सोयाबीनमध्ये तेल असतं साधारण १८ ते २० किलो, आणि गावच्या घाण्यावर तेवढंही निघत नाही. खाद्यतेल डिझेलपेक्षा महाग, आणि देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. ते जाळण्यात ना शेतकऱ्याचा फायदा, ना देशाचा.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करतो. तळणीचं तेल फडक्यानं गाळलं आणि डिझेलमध्ये मिसळलं, म्हणजे बायोडिझेल होत नाही. तेल डिझेलच्या कितीतरी पट घट्ट असतं. नोझलमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही, थेंब पडतात. ते अर्धवट जळतात, नोझलच्या तोंडाशी कार्बन धरतो, रिंगा चिकटतात. काही दिवस गाडी छान चालते आणि त्यामुळंच माणूस फसतो. बायोडिझेल म्हणजे तेलाची मिथेनॉल आणि कॉस्टिकबरोबर प्रक्रिया करून, त्यातलं ग्लिसरीन वेगळं काढून, धुऊन आणि वाळवून तयार केलेलं पातळ इंधन. त्याला आय. एस. १५६०७ हे भारतीय मानक आहे. ही प्रक्रिया घरच्या चुलीजवळ करायची नाही, हे मी हात जोडून सांगतो. मिथेनॉल जहाल विष आहे. त्याची वाफ पटकन पेट घेते आणि ज्योत दिवसा डोळ्याला दिसत नाही. ते बाळगायला परवाना लागतो. इंधन घ्यायचं ते परवानाधारक उत्पादकाकडून, पावतीसह आणि तपासणी अहवालासह. रस्त्याकडेला टँकर लावून स्वस्तात ‘बायोडिझेल’ विकणाऱ्यांवर राज्यात वेळोवेळी धाडी पडल्या आहेत. त्या टँकरमध्ये पुष्कळदा कारखान्यात वापरायचं भलतंच तेल असतं.

आता गाडीकडं वळू.

आपल्या देशात १ एप्रिल २०१७ पासून बी. एस. ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ हे धुराचे नियम लागू झाले. बी. एस. ६ च्या डिझेल गाडीला सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ करण्यासाठी अनेक इंजिनांत थोडं जादा इंधन सिलिंडरमध्ये सोडतात. डिझेल तिथं वाफ होऊन पुढं जातं. बायोडिझेल जड असतं, ते भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग गेलंच म्हणून समजा. त्यामुळं बी. एस. ६ ची गाडी असेल तर पंपावर मिळतं ते डिझेलच घाला. कंपनीनं मान्य केलेल्या मिश्रणाच्या पुढं जाऊ नका.

बी. एस. ४ च्या बहुतेक पिकअप कॉमन रेलच्या आहेत. तिथं इंधनावर हजार-दीड हजार बारचा दाब असतो आणि इंजेक्टरच्या आत केसापेक्षा बारीक फटी. थोडं पाणी, थोडा साबण राहिलेलं इंधन गेलं की इंजेक्टर बसतो आणि एका इंजेक्टरच्या बिलात वाचवलेलं सगळं जातं. अशा गाडीत चांगलं, प्रमाणित बायोडिझेल कमी प्रमाणात चालेल. प्रयोग करायला ती गाडी नव्हे.

उरते ती त्याच्या आधीची, साध्या मेकॅनिकल पंपाची गाडी. २००५ मध्ये आलेला, ७०२ सीसीचा, दोन सिलिंडरचा सुरुवातीचा ‘छोटा हत्ती’ घ्या, किंवा त्या काळातल्या जुन्या मोठ्या पिकअप घ्या. पण नुसतं पासिंगचं वर्ष पाहून भागत नाही, कारण त्या काळातही काही गाड्यांना कॉमन रेल आलेली होती. बॉनेट किंवा सीट उचला आणि नोझल बघा. प्रत्येक नोझलच्या डोक्यावर वायरचा प्लग बसवलेला असेल, आणि सगळ्यांना जोडणारी एक जाड आडवी नळी असेल, तर ती कॉमन रेल. नोझलला नुसती पोलादी नळी पंपापासून आलेली असेल, वायर काहीच नसेल, तर आपल्याला हवी ती हीच गाडी.

पंपातही दोन प्रकार आहेत. लांबट पंप, त्याच्या माथ्यावरून ओळीनं नळ्या निघालेल्या, तो इनलाइन. त्याच्या कॅमशाफ्टला इंजिनाच्या ऑइलचं वंगण मिळतं, म्हणून तो इंधनाच्या बाबतीत जास्त सोशिक. दुसरा आटोपशीर, त्याच्या एका टोकाला नळ्या गोलाकार बसवलेल्या, तो रोटरी. त्याला वंगण इंधनाचंच, म्हणून इंधनात पाणी आलं की तो आधी मरतो. दोन गाड्या सारख्याच ठणठणीत असतील, तर इनलाइनवाली उचला.

गाडी बघायला सकाळी लवकर जा, आणि येतोय म्हणून अर्धा तास आधी फोन करू नका. विकणारा इंजिन गरम करून ठेवतो. बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करा, मगच स्टार्टर मारा. थंडीत दोन-तीन फेऱ्यांत इंजिन धरलं पाहिजे. पहिला पांढुरका धूर मिनिटभरात विरला तर काळजी नाही. विरला नाही तर नोझल, हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन यांपैकी कशाची तरी तक्रार आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. लोड नसताना काळा धूर ओकत असेल तर पंप-नोझलचं काम निघणार. मग इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. झाकण जागेवर थरथरलं तर ठीक, उडून पडलं आणि आतून भपाभप वाफ आली, तर रिंगा-लायनर गेलेत. अशा इंजिनात बायोडिझेल घातलं तर न जळलेलं इंधन त्या झिजलेल्या रिंगांच्या बाजूनं ऑइलमध्ये उतरणारच. मालक कितीही कमी किंमत करो, ती गाडी सोडून द्या.

पुढं गाडीखाली वाका. टाकीपासून पंपापर्यंतचा रबरी पाइप बोटांत धरून दाबा, नख रोवून बघा. कडक होऊन भेगाळला असेल, किंवा उलट मऊ पडून चिकट लागत असेल, तर तो बदलायचाच आहे. साधं रबर बायोडिझेलमध्ये फुगतं आणि पाझरू लागतं. व्हिटॉनचे पाइप आणि वॉशर मिळतात. महाग असतात, पण गाडी घेतल्यावर पहिला खर्च हाच करावा. टाकीचा तळाचा नट काढून वाटीभर डिझेल काचेच्या ग्लासात घ्या. तळाशी पाण्याचा थर, गंजाची भुकटी, काळी साय, जे असेल ते लगेच दिसतं. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ साधं डिझेल हलवत नाही, बायोडिझेल मात्र तो सोडवून थेट फिल्टरमध्ये आणतं. म्हणून इंधन बदलण्याआधी टाकी उतरवून धुऊन घ्यायची.

चेसिसला कुठं वेल्डिंग मारलंय का, पाटे बसलेत का, हौद्याचा तळ सडलाय का, हे गावातला कोणताही मिस्त्री सांगेल. कागदांचं थोडक्यात सांगतो. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा, असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी एम. एच. २२ च्या बाहेरची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी लागेल. आठ वर्षांच्या पुढच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं, ते कधी संपतंय ते पाहून किंमत ठरवा. आणि बायोडिझेलचं मिश्रण घालणार असाल तर विमा कंपनीला आधी लेखी विचारून ठेवा.

आता किती घालायचं? माझं स्पष्ट मत आहे की २० टक्क्यांच्या पुढं जाऊ नये. हिशोब करून बघू. दिवसाला ५० किलोमीटर भाडं मारणारी, लिटरला १० किलोमीटरचं ॲव्हरेज देणारी गाडी महिन्याला साधारण दीडशे लिटर पिते. त्यातले २० टक्के म्हणजे ३० लिटर. एवढं इंधन नियमित आणि चांगलं मिळणं शक्य आहे. शंभर टक्के करायला गेलात की दीडशे लिटरसाठी कुणाच्याही दारात जावं लागतं, आणि तिथंच भेसळ गाठते. शिवाय निव्वळ बायोडिझेलमध्ये लिटरमागं ताकद साधारण आठ टक्क्यांनी कमी. २० टक्क्यांच्या मिश्रणात हा फरक एक-दोन टक्क्यांचा राहतो, लोड घेऊन चढ चढताना जाणवतही नाही.

दर वेळी आणलेलं इंधन तपासायची एक सोपी रीत आहे. पारदर्शक बाटलीत अर्धं कोमट पाणी आणि अर्धं बायोडिझेल घ्या, झाकण लावून दहा सेकंद जोरात हलवा आणि बाटली ठेवून द्या. अर्ध्या तासात वर स्वच्छ इंधन, खाली पाणी आणि मधे रेघ उमटली तर माल बरा. मधे दुधट, साबणासारखा थर अडकून राहिला तर तो माल परत करा. डिसेंबरात आणखी एक करा. दुसरी बाटली भरून रात्री आखाड्यावर उघड्यावर ठेवा. आपल्याकडं तळणीला बहुतेक पामतेल वापरतात, आणि त्याचं बायोडिझेल थंडीत लवकर गोठतं. परभणीचा पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या आपण दर काही वर्षांनी ऐकतो. सकाळी बाटलीत मेणासारखी गढूळ साय दिसली तर थंडी ओसरेपर्यंत मिश्रण १० टक्क्यांवर आणा, नाहीतर सरळ डिझेलवर चला. साठा जस्ताच्या पिंपात करू नका, तांब्या-पितळेची तोटीही नको, या धातूंनी इंधन लवकर खराब होतं. जाड प्लॅस्टिकचा बंद कॅन, सावलीत, आणि दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच. पावसाळ्यात ते हवेतली ओल ओढतं, म्हणून अर्धा रिकामा कॅन तसाच पडू देऊ नका.

पहिल्या महिन्यात फिल्टर एकदा नक्की तुंबेल, कदाचित दोनदा. गाडी चढावर ओढेनाशी झाली, धक्के देऊ लागली की इंजिनाला दोष देण्याआधी फिल्टर उघडा. एक जादाचा फिल्टर आणि पाना सीटखाली ठेवा. ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदला. आणि रोज सकाळी, गाडी सपाट जागेवर असताना, ऑइलची पट्टी काढून बघायची. पातळी खाली गेली तर ऑइल टाकून भागतं. पातळी आपोआप वर चढलेली दिसली, पट्टीवरचं ऑइल बोटावर पाण्यासारखं पातळ लागलं, तर त्यात इंधन उतरलंय. त्या दिवशी भाडं कितीही मोठं असो, स्टार्टर मारू नका. आधी ऑइल काढा, मग मिस्त्रीला बोलवा.