जुन्या चित्रपटांची स्मृतिचिन्हे आणि हुबळी-धारवाड
(एका भाषणाचा मजकूर)



व्ही. शांताराम यांचे चरित्र सांगताना कोल्हापूर व पुणे ही नावे प्रथम ओठांवर येतात. हुबळीचे नाव सहसा येत नाही. तथापि कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल होण्यापूर्वी हा कुमार हुबळीच्या रेल्वे कारखान्यात राबला, आणि याच गावच्या एका चित्रगृहात पडेल ते काम करीत असता त्याने पडद्यावरील हलती चित्रे पाहिली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) आणि ‘माणूस’ (१९३९) यांच्या दिग्दर्शकाची पहिली शाळा ती होय. पुढे पडद्यावर नावारूपास आलेल्या लीला चिटणीस यांचा जन्मही धारवाडचाच. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेले त्यांचे छायाचित्र आज जाहिरातकलेच्या इतिहासातील एक मोलाचा कागद ठरला आहे.

अशा कागदांचे आयुष्य मुळात आठवड्याभराचे. खेळ बदलला की जुन्या भित्तिपत्रकावरच खळ लावून नवे चिकटविले जाई. गाण्यांची चोपडी चित्रगृहाच्या दारात अल्प किमतीत मिळे. तीत कथासार, पात्रपरिचय व गाणी असत. घरी गेल्यावर ती मुलांच्या हाती पडे आणि पुढे रद्दीत जाई. तिला ऐतिहासिक साधन मानावे, हे त्या काळी कोणाच्या ध्यानी येणार?

परंतु मूळ चित्रपटच नाहीसा झाला म्हणजे या रद्दीचे मोल कळते. बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ या १९२५ च्या मूकपटात तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनी केली होती. तो मूकपट आज उपलब्ध नाही. १९३६ साली पेंटरांनी त्याच कथेवर बोलपट काढला, तो वेगळा. मूकपटाची ओळख करून घ्यावयाची तर छायाचित्रे व तत्कालीन लेखन यांवरच विसंबावे लागते. त्यांच्याच ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक मात्र टिकले, आणि भारतीय चित्रपटाच्या सर्वांत जुन्या उपलब्ध सचित्र भित्तिपत्रकांत त्याची गणना होते. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी जेमतेम तीसेक, तेही बहुतांशी तुकड्यांच्या रूपाने, हाती आहेत.

या हानीची कारणे गूढ नाहीत. जुनी फीत नायट्रेटची. ती एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, कारण जळण्यास लागणारा प्राणवायू तिच्यातूनच सुटतो. शिवाय फितीवरील चांदी काढून घेण्यासाठी कित्येक चित्रपट भंगारात गेले. १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तेव्हा अर्धशतकाचा ऐवज आधीच गळून गेला होता. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जे वेचले, त्यामुळेच फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले भाग पाहावयास मिळतात. संग्रहालयात ठेवले म्हणजे निश्चिंती, असेही नाही. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटच्या अनेक मूळ फिती भस्मसात झाल्या. एकाच ठिकाणी एकच प्रत ठेवणे किती धोक्याचे, हे त्या आगीने दाखविले.

यास्तव जतन आणि वाटप ही दोन कामे परस्परविरोधी मानू नयेत. मूळ कागद सुरक्षित राहावा, त्याची संगणकीय प्रत अनेकांच्या हाती जावी. कायद्याचीही अडचण फारशी नाही. चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो; भित्तिपत्रकाची मुदत मात्र चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची असते, एवढे पाहून घ्यावे.

१९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता आणि येथील घरांत मराठी व कानडी दोन्ही वावरत. जुन्या ट्रंकांतून अद्यापि काही निघणे असंभवनीय नाही. असे काही सापडल्यास त्यास चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करू नये. दोन्ही उपायांनी कागदाचे नुकसानच होते. घडी उलगडून, आम्लरहित कागदात सपाट ठेवावे, ऊन व दमट भिंत टाळावी. चोपडीवर चित्रगृहाचा शिक्का असल्यास तो पुसू नये. कोणता खेळ कोणत्या गावी लागला होता, याचा तोच पुरावा असतो. घरातील वडीलधारी माणसे काही सांगतील तर तेही गाव व साल यांसह वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे, आणि मागील बाजूस काही नोंदणे भागच असेल तर ते शाईने नव्हे, मऊ पेन्सिलीने नोंदावे.