वृक्षारोपणाकडून वृक्षसंगोपनाकडे



षट्लेश्येचे चित्र अनेक जिनमंदिरांत पाहावयास मिळते. जांभळीच्या झाडापाशी सहा भुकेले वाटसरू येतात. पहिला झाड मुळासकट तोडावयास निघतो. दुसरा बुंधा, तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळी तोडू पाहतो. पाचव्याला केवळ फळे हवी असतात आणि सहावा खाली पडलेली फळे वेचून तृप्त होतो. भूक सर्वांची एकच. भेद आहे तो परिणामांचा. परंतु सहाव्याची शुक्ल लेश्या फळास यावयाची, तर ते झाड आधी कोणीतरी जगविलेले असावे लागते. त्या सातव्या माणसाचा विचार येथे प्रस्तुत आहे.

स्वयंसेवकांनी मिळून फळझाडे लावावीत आणि फळे सर्वांना खुली ठेवावीत, ही कल्पना आता जगभर रुजत आहे. अमेरिकेतील सिएटल शहरात २०१२ पासून ‘बीकन फूड फॉरेस्ट’ याच रीतीने उभे राहिले. सोलापुरात मात्र प्रश्न वेगळा आहे. येथे पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. आणि वैशाखातील ऊन चाळीस अंशांच्या वर. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये दोन कोटी, तर २०१९ मध्ये तेहतीस कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला होता. रोप लावण्यास एक सकाळ पुरते. ते जगविण्यास तीन उन्हाळे लागतात.

म्हणून झाडांची निवड विवेकाने व्हावी. डाळिंब हे सोलापूरचे भूषण; केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये स्थापन झाले आणि २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबास भौगोलिक मानांकन लाभले. तथापि तेल्या रोगामुळे त्यास वारंवार फवारणी व सतत देखरेख लागते; सार्वजनिक बागेस ते झेपणारे नाही. याउलट बोर आणि सीताफळ ही झाडे ऐन उन्हाळ्यात पाने गाळून विश्रांती घेतात. पाणी नसते तेव्हा त्यांची मागणीही अल्प असते. जोडीला चिंच, आवळा, कवठ आणि ओलाव्याच्या जागी जांभूळ लावावे. मग भाद्रपद-आश्विनात सीताफळ, त्यामागून आवळा, संक्रांतीस बोर, फाल्गुन-चैत्रात चिंच आणि ज्येष्ठात जांभूळ, असे वर्षभर काही ना काही हाती येते.

वड, पिंपळ, उंबर, पाकर व कठूमर ही पंच उदुंबर फळे श्रावकास वर्ज्य आहेत, कारण त्यांत त्रस जीव असतात. उंबरवर्गीय फळांत सूक्ष्म कीटक वाढतात, हे वनस्पतिशास्त्रही सांगते. परंतु वर्ज्य आहे ते भक्षण. एक उंबर बागेच्या कडेला असावा. तो पाखरांचा वाटा होय.

खोदकामात जीवहिंसा घडते, ही शंका रास्त आहे. गृहस्थाची आरंभी हिंसा पूर्णतः टळत नाही. यत्नाचाराने ती उणी करता येते. खड्डे चातुर्मासापूर्वीच घ्यावेत, म्हणजे पावसात सर्वत्र जीवोत्पत्ती होत असताना माती उकरावी लागणार नाही. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. मुळाशी सच्छिद्र मडके पुरून त्यात पाणी भरावे. ते हळूहळू झिरपते आणि थोडक्यात भागते. अनर्थदंड टाळण्याची ही शिकवण पाण्यालाही लागू आहे.

प्रत्येक कुटुंबाने पाच झाडे दत्तक घेतली, तर सुटीच्या दिवसांत परगावी जाताना किल्लीप्रमाणे झाडांचे पाणीही शेजाऱ्याकडे सोपविता येईल. खरी कसोटी पुढे आहे. झाड फळास आले की कुंपणाला कुलूप लावण्याचा मोह होईल. वाटेवरच्या मजुराच्या मुलाने बोरे वेचली तर त्यास हाकलणे, हा परिग्रहच होय. ज्याने पाणी घातले त्याचा फळावर अधिक हक्क नाही, हे लागवडीच्या दिवशीच ठरले पाहिजे.

चिंच पुरती भरास येण्यास वर्षे लागतात. लावणाऱ्याच्या हाती ती फळे येतीलच असे नाही. फळाची अपेक्षा न धरता दिलेले दान ते हेच. येत्या आषाढात लावलेल्या रोपांची मोजणी त्यापुढील ज्येष्ठात व्हावी, आणि जेवढी जिवंत असतील तेवढीच लावली असे मानावे.

जय जिनेंद्र.