पाठीचा कणा आणि आईच्या गोळ्या

(मंडळाच्या अराद येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी आयटी कन्सल्टंट, डॉक्टर नव्हे. पाठीच्या कण्यावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की रोज दहा तास खुर्चीत बसून मी माझ्या कण्याचे पुरते हाल केले आहेत!

गेल्या वर्षी कंबर अशी धरली, की अरादहून मनामाला गाडी चालवत जाणंही नको वाटू लागलं. सांगलीहून आलेली आई म्हणाली, "उसण भरलीय. गावाकडे असतास तर एखाद्या पायाळू माणसाची लाथ मारून घेतली असती." आता इथे पायाळू कुठून आणणार? म्हणून आम्ही दोघं एका कायरोप्रॅक्टरकडे गेलो.

त्यांनी एक्स-रे दाखवून समजावलं. मणके जागचे सरकले की नसा दबतात, मेंदूचे संदेश अवयवांपर्यंत पोचत नाहीत आणि मग पाठदुखीच काय, बीपी, शुगर, दमा असं काहीही मागे लागतं. मला लगेच पटलं. केबल दबली की नेटवर्क डाऊन! पाच-सहा वेळा जाऊन आल्यावर कंबर खरंच हलकी झाली. आणि एका रात्री आईनं विचारलं, "अरे, मग मीही मणके बसवून घेते. बीपीच्या गोळ्या बंद करू का?"

मी दचकलोच. तिला म्हटलं, थांब, आधी नीट वाचतो.

ही विद्या सुरू झाली 1895 साली, अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावात. हार्वी लिलार्ड या कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा मणका आपण दाबून बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असं डी. डी. पामर सांगत. पुढे त्यांनी मांडलं, की शंभरातल्या पंच्याण्णव रोगांचं मूळ सरकलेल्या मणक्यांत आहे. याला ते 'सबलक्सेशन' म्हणत. गंमत अशी, की ऐकण्याची नस कवटीच्या आतच कानापासून मेंदूपर्यंत जाते. ती पाठीच्या कण्यातून जातच नाही! ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच 2010 साली जाहीर केलं, की सबलक्सेशनमुळे रोग होतात याला संशोधनाचा पुरावा नाही.

मग माझी कंबर कशी बरी झाली? कंबरदुखीत या उपचाराचा थोडा उपयोग होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 साली कंबरदुखीवर गोळ्यांआधी करून पाहण्याच्या उपायांत शेक आणि मसाजबरोबर त्याचाही समावेश केला. शिवाय साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआपच उतरते. पायाळूच्या लाथेला श्रेय मिळतं ते त्यामुळेच! आणि तो 'कट्' आवाज? तो सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा. हाड जागेवर बसल्याचा नव्हे.

नस खरोखर दबते तेव्हा पायात कळ येते, मुंग्या येतात, बधिरपणा येतो. बीपी वाढण्याचं ते कारण नव्हे. माझं केबलचं उदाहरण तिथेच चुकलं. एक्स-रेत मणक्यांची झीज तर काहीही न दुखणाऱ्या माणसांतही दिसते.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. मानेला झटका देऊन घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. क्वचित का होईना, मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. आणि पायातली ताकद गेली, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर कुठल्याही टेबलावर न झोपता थेट हॉस्पिटल गाठा.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझी कंबर तुझ्यापाशी, माझ्या गोळ्या माझ्यापाशी." इतकं सोपं करून मलाही सांगता आलं नसतं.

आता शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं दोहत अरादच्या पार्कात चालायला जातो. निघण्यापूर्वी चहा, आणि चहाबरोबर तिची गोळी. ती घेतली का, हे मी रोज विचारतो. कारण त्या रात्री तिनं मला न विचारताच गोळ्या बंद केल्या असत्या तर?

तुमच्याही घरी कुणी असं मनात योजत असेल. आज घरी गेल्यावर एकदा विचारून बघा.