आधी ओल, मग गिलावा

(अंधेरी येथे मंडळीच्या सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरेच्या पाड्यांवर काही कुटुंबांनी आपल्या हाताने खोल्या वाढवल्या आहेत. त्या खोल्यांना नाताळापूर्वी प्लास्टर करून द्यावे, असे आपल्यापैकी अनेकांनी सुचवले. काहींनी सिमेंटच्या गोण्यांचे पैसेही देऊ केले. ही इच्छा आपल्या मनात घातल्याबद्दल मी देवाचे आभार मानते. हे पैसे कोणत्या क्रमाने खर्च व्हावेत, एवढेच मला आज सांगायचे आहे.

लेवीयच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर चट्टा दिसल्यास काय करावे याचा नियम आहे. याजक आल्याबरोबर नवा गिलावा करायला सांगत नाही. आधी घर रिकामे होते, तो चट्टा पाहतो, सात दिवस घर बंद ठेवतो आणि पुन्हा येऊन पाहतो. चट्टा पसरला असेल तर खराब दगड काढून, भिंती खरवडून, मग नवे दगड आणि नवा गिलावा. यहेज्केलच्या तेराव्या अध्यायात याच्या उलट चित्र आहे. लोक कच्ची भिंत उभारतात, खोटे संदेष्टे तिला वरून सफेदी देतात आणि पावसात ती कोसळते. दोष सफेदीचा नव्हता. तिच्या आड जे झाकले गेले, त्याचा होता.

आता आपल्या शेजारचे पाहू. इथून मरोळ-मरोशी रस्त्याने गेले की आरे लागते. दूध वसाहत १९४९ साली स्थापन झाली, पण वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबे तिथे त्याआधीपासून राहत आली आहेत. त्यांचे जुने घर कुडाचे. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण व भाताचा तूस कालवून लिंपायचे. हे लिंपण ओल घेते आणि ऊन पडले की सोडते. पावसाळा सरला की घरच्या बायका ते नव्याने करतात.

मुलाचे लग्न झाले की खोली अपुरी पडते. मग सुट्टीच्या दिवशी विटा आणून कुडाला लागून एक भिंत चढते. वर पत्रा टाकला जातो. अडचण सुरू होते ती नव्या-जुन्याच्या सांध्यावर. माती आणि सिमेंट सारखे हलत नाहीत. दोन्हींवरून सलग गिलावा ओढला तर तिथेच चीर जाते, पाणी आत शिरते आणि सिमेंटच्या थराआड कारवी कुजते. बाहेरून मात्र भिंत नवी दिसते.

एका घरात नव्या खोलीचे प्लास्टर दोनदा पोपडे धरून पडले. तिसऱ्यांदा सिमेंट द्यायचे का, असा प्रश्न होता. घरातल्या आजी म्हणाल्या, "ताई, भिंतीला नको बघू, वर बघ." वर पाहिले तर पत्रा भिंतीच्या कडेलाच संपत होता. जुन्या घराची वळचण हातभर बाहेर होती. नव्या खोलीच्या पागोळ्या थेट भिंतीवर पडत होत्या आणि खाली साचत होत्या. मग पत्रा पुढे काढला, भिंतीलगत चर खणला, ओले प्लास्टर खरवडले आणि भिंत पूर्ण वाळू दिली. गिलावा सगळ्यात शेवटी केला. ती भिंत आज कोरडी आहे.

मुंबईच्या उपनगरांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर झाला. इथे वळचण आणि चर यांचा खर्च सिमेंटच्या आधी यायला हवा.

प्लास्टरही घाईचे काम नाही. विटांच्या दरजा खरवडून भिंत आधी भिजवावी लागते. वाळू चाळून घ्यावी लागते. बाहेरच्या बाजूला एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, दोन थरांत मिळून साधारण २० मिलिमीटर. आत एकाला सहा, १२ मिलिमीटर पुरते. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात संपवायचा. कुडाच्या सांध्याशी गिलावा तोडायचा आणि कुडाला मातीचेच लिंपण ठेवायचे.

त्यानंतर निदान सात दिवस भिंतीवर पाणी मारायचे. हे पाणी आणते कोण? पाड्यावर सार्वजनिक नळ घरापासून दूर असेल, तर घरची सून हंडे वाहते. आपण गोणी देतो आणि तिच्या डोक्यावर सात दिवसांचे ओझे ठेवतो. म्हणून सिमेंटसोबत पाण्याचा एक ड्रम आणि भिंतीवर ओले धरायला गोणपाट द्या. पाणी कमी लागेल आणि भिंत पक्की होईल.

गवंड्याची मजुरी द्यायची झाल्यास ती शिकवण्यासाठी द्या. पाड्यावरच्या दोन मुलांनी त्याच्याबरोबर काम केले, तर पुढची भिंत ती स्वतः करतील. लिंपण करणाऱ्या बायकांनाही कामाच्या बोलण्यात बसवा. भिंत ओल कुठून घेते, हे त्यांना आपल्याआधी कळते.

नाताळाच्या अंकात नव्या रंगवलेल्या भिंतीचा फोटो यावा, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. यंदा कदाचित एका चराचा आणि पुढे काढलेल्या पत्र्याचा फोटो येईल. तोही आनंदाने पाहा. मदतीचे असेच आहे. वरचा थर पटकन देता येतो, पण पाणी कुठून येते हे पाहायला त्या घरी बसावे लागते, सात दिवसांनी पुन्हा जावे लागते.

प्रभू आपल्याला झाकण्याची घाई न देवो. पाहण्याचा धीर देवो आणि त्या घरांना कोरडी, सुरक्षित रात्र देवो. आमेन.