आधी तुम्ही वाचा

(वसंत व्याख्यानमालेतील चौथं पुष्प. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेलं भाषण, वक्त्यांच्या किरकोळ दुरुस्त्यांसह.)

एवढ्या उकाड्यात घरचा पंखा सोडून इथल्या पंख्याखाली येऊन बसलेल्या रसिकहो,

पत्रिकेत माझा विषय ‘अमेरिकन कवी आणि तरुणांचं वाचन’ असा छापलाय. काल बाजारात एक स्नेही भेटले. म्हणाले, “मास्तर, तिकडच्या कवींनी तिकडच्या पोरांना वाचायला लावलं, म्हणून आमच्या नातवाच्या हातातला मोबाइल सुटणार आहे का?” म्हटलं, सुटणार नाही, पण तुम्ही या. ते आलेत. तिसऱ्या रांगेत बसलेत आणि त्यांच्या हातात मोबाइल आहे. (हशा)

वाचन कमी झालं हे रडगाणं मी गाणार नाही, ते तुम्हाला तोंडपाठ आहे. अमेरिकेलाही आहे. तिथल्या ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ या सरकारी संस्थेनं २००४ साली एक अहवाल काढला. शाळा-कॉलेजच्या अभ्यासाबाहेर, स्वतःहून, वर्षभरात एखादी तरी कथा, कादंबरी, कविता किंवा नाटक वाचणारे १८ ते २४ वयातले लोक १९८२ साली शंभरात साठ होते. २००२ साली ते त्रेचाळीसवर आले. तारखा बघून ठेवा. हातातला तो मोबाइल तेव्हा यायचा होता. तेव्हा सगळं पाप त्याच्या माथी मारू नका.

व्हिटमन, फ्रॉस्ट, एमिली डिकिन्सन तुम्हाला ठाऊक आहेत. १९६२ मध्ये गिन्सबर्ग मुंबईत आला, तिथल्या कवींना भेटला, तेही ठाऊक आहे. त्यात शिरत नाही. मी एकच गोष्ट सांगायला आलोय आणि ती आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना साडेसातची एसटी गाठायचीय ते मोकळे. मुलांनी वाचावं असं वाटत असेल, तर मुलांनी लिहिलेलं आधी आपण वाचायचं. वाचून दाखवणं, पुस्तकं भेट देणं, वाचनकट्टे, हे सगळं त्याच्यानंतर. ज्याचं कुणी वाचलेलं नाही त्यानं दुसऱ्याचं का वाचावं?

तुम्ही म्हणाल, मास्तरांचं हे जुनं खूळ आहे. आहेच. पण आज साक्षीदार घेऊन आलोय.

पहिला साक्षीदार व्हेचल लिंडसे. इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डचा. १९१२ साली हा माणूस पायी निघाला. ‘भाकरीच्या बदल्यात यमकं’ अशा अर्थाच्या नावाची एक छोटी पुस्तिका त्यानं छापून घेतली होती. लोकांच्या दारात कविता म्हणायच्या, पुस्तिका द्यायची, त्या बदल्यात जेवण आणि रात्रीचा आसरा मागायचा. आपल्याकडे सकाळी वासुदेव यायचा, तसा. फक्त मोरपिसांची टोपी नव्हती. पुढे त्याचं नाव झालं आणि मोठ्या हॉटेलांतून काव्यवाचनाची बोलावणी येऊ लागली.

१९२५ साली तो वॉशिंग्टनच्या वॉर्डमन पार्क हॉटेलात उतरला होता. तिथे उष्ट्या बशा उचलून टेबलावर फडकं मारणारा एक तरुण होता, लँग्स्टन ह्यूज. त्यानं आपल्या तीन कविता कागदावर उतरवल्या, लिंडसे जेवायला बसला तेव्हा त्याच्या ताटाशेजारी ठेवल्या, एखादं वाक्य पुटपुटला आणि आत पळाला. थांबून बोलायची छाती झाली नाही. त्या संध्याकाळी हॉटेलच्याच सभागृहात लिंडसेचा कार्यक्रम होता. त्यात लिंडसेनं स्वतःच्या कवितांबरोबर या पोऱ्याच्या तीनही कविता वाचून दाखवल्या. ह्यूज ऐकायला नव्हता. त्या सभागृहात काळ्या माणसांना प्रवेश नव्हता. आपली कविता जिथे वाचली जातेय त्या खोलीत आपल्याला जाता येत नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर आला, तर बातमीदार त्याची वाट बघत होते.

आता सभेत एखादा अभ्यासू असतोच, तो उठून म्हणेल की ह्यूजच्या कविता तोवर मासिकांतून आल्या होत्या आणि त्याचं पहिलं पुस्तकही प्रकाशकानं स्वीकारलं होतं. खरंय, पुढच्याच वर्षी ते निघालं. लिंडसेनं त्याला शोधून काढलं ही दंतकथाच. मला वेगळ्याच गोष्टीत रस आहे. गाव सोडताना लिंडसेनं ह्यूजसाठी काय ठेवलं? एमी लोवेलनं लिहिलेलं कीट्सचं चरित्र. दोन जाड खंड, आणि आतल्या कोऱ्या पानांवर स्वतःच्या हातानं लिहिलेलं लांबलचक पत्र. क्रम बघा. आधी तीन कागद वाचले, मग दोन खंड दिले. आपण मुलांना दोन खंड आधी देतो, आणि तीन कागद? ते रद्दीत जातात.

दुसरी साक्ष ग्वेंडोलिन ब्रूक्स यांची. जन्म १९१७, वाढल्या शिकागोच्या दक्षिण भागात. वडील एका संगीत-प्रकाशकाकडे इमारतीची देखभाल-झाडलोट करायचे. डॉक्टर व्हायचं त्यांचं स्वप्न होतं, ते राहून गेलं. आई पूर्वी शिक्षिका. मुलगी कविता लिहिते म्हटल्यावर आईनं तिच्या वाटचं घरकाम कमी केलं. (समोरच्या रांगेकडे पाहून) हे कुणी लिहून घेतलं तरी चालेल. तेराव्या वर्षी पहिली कविता मासिकात आली. नंतर ‘शिकागो डिफेंडर’ या काळ्या समाजाच्या वर्तमानपत्रात एकामागून एक कविता येत राहिल्या. ही मुलगी कविता कवींना पोस्टानं पाठवायची. जेम्स वेल्डन जॉन्सन हे तेव्हाचे बुजुर्ग कवी. त्यांनी पत्रातून सूचना केल्या, आधुनिक कवी वाच असंही सांगितलं. पण पुढे प्रत्यक्ष भेटीत आईनं उत्साहानं ओळख करून दिली, तेव्हा अशा पुष्कळ कविता येतात माझ्याकडे, अशा अर्थाचं काहीतरी बोलून ते पुढे गेले. ब्रूक्सबाईंना ते जन्मभर आठवत राहिलं.

मग एका चर्चमध्ये ह्यूजचं काव्यवाचन होतं. तोच, फडकं मारणारा. आई मुलीला आणि तिच्या कवितांच्या कागदांना घेऊन तिथेही गेली. ह्यूजनं उभ्या उभ्या कागद वाचले आणि सांगितलं, तुझ्यात आहे, लिहीत राहा. मुलगी सोळा-सतरा वर्षांची. १९५० साली त्याच मुलीला पुलित्झर पारितोषिक मिळालं. ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती.

पुलित्झरपर्यंतचं सगळे सांगतात. मला त्याच्यापुढचं सांगायचंय. १९६७ मध्ये शिकागोत ‘ब्लॅकस्टोन रेंजर्स’ नावाची पोरांची टोळी होती. पोलिस दचकायचे अशी. पन्नाशीच्या ब्रूक्सबाई त्या पोरांची लेखनकार्यशाळा घेत होत्या. १९६८ साली त्या इलिनॉयच्या राजकवी झाल्या आणि २००० साली वारल्या तोवर, म्हणजे बत्तीस वर्षं, त्या पदावर राहिल्या. एवढ्या काळात त्यांनी काय केलं? शाळांत, तुरुंगांत, इस्पितळांत गेल्या आणि शाळकरी मुलांच्या कवितास्पर्धा घेतल्या. बक्षिसं पदरच्या पैशांतून दिली. मंडळाचे खजिनदार माझ्याकडे बघताहेत. मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, साहेब. (हशा) पण बक्षिसापेक्षा मोठी गोष्ट अशी की वर्षानुवर्षं गठ्ठेच्या गठ्ठे येत राहिले आणि पुलित्झर मिळवलेली बाई ते वाचत राहिली. लिंडसेनं ह्यूजचं वाचलं, ह्यूजनं ब्रूक्सचं वाचलं, ब्रूक्सनी इलिनॉयच्या पोरांचं वाचलं. ही परंपरा आहे. घराण्याची गायकी असते, तसं हे घराण्याचं वाचन.

इथे एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोनच मिनिटं.

मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता, मागच्या बाकावरचा. वडील पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. दुष्काळी तालुका, उन्हाळ्यात गावोगाव टँकर. एकदा वह्या तपासताना त्याच्या इंग्रजीच्या वहीचं शेवटचं पान उघडलं गेलं. त्यावर पेन्सिलीनं आठ-दहा ओळी होत्या, मराठीत. बाप टँकर घेऊन गावात शिरतो, हंडे घेऊन बाया मागे धावतात, बाप बाजूच्या आरशात बघतो आणि मग आरसा वळवून ठेवतो. एवढंच. का वळवला ते लिहिलेलं नव्हतं. यमक नव्हतं. ‘पाणी’तला ‘णी’ ऱ्हस्व होता.

मी काय केलं? लाल पेन उचललं आणि लिहिलं, “इंग्रजीच्या वहीत मराठी लिहू नये.” खाली सही, तारीख. त्या दिवशी माझ्यापुढे चव्वेचाळीस वह्या होत्या, परीक्षा तोंडावर होती, घरी पाहुणे होते. ही सबब आहे. त्या रात्री मला त्या ओळींत काही दिसलंही नाही. ते दिसलं पंधरा-सोळा वर्षांनी, ब्रूक्सबाईंचं चरित्र वाचताना. तेव्हा वळवून ठेवलेला एक आरसा मनात आला. आधी तो त्यांच्या कुठल्या कवितेतला ते आठवेना, आणि मग एकदम आठवलं की तो आरसा पुस्तकात नाहीच, वहीत होता.

निवृत्तीनंतर एकदा तालुक्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होतो. एक टँकर थांबला. “सर, चला, सोडतो.” तोच. बापाच्याच गाडीवर. केबिनमध्ये चढलो, अगरबत्ती, लिंबू-मिरची, आणि बाजूला तो आरसा. दहा-बारा किलोमीटर मी धीर गोळा करत होतो. शेवटी विचारलं, “अरे, आठवीत तू आरशावर एक कविता लिहिली होतीस, आठवते का?” त्यानं गिअर टाकला, म्हणाला, “कुठली कविता, सर?” मी विचारलं, “काही वाचतोस की नाही?” म्हणाला, “आरटीओचे कागद.” (हशा)

हसा, हसा. मीही इतर वेळी हसलो असतो. त्यानं मला घरापर्यंत सोडलं, पाया पडला. मी त्याला वाचलं नाही, हे त्याला माहीतच नव्हतं. मला ते माहीत आहे. म्हणून हे खूळ.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरली म्हणतात. दोन मिनिटांची आठवण बरीच लांबली बहुतेक. दुसरी चिठ्ठी एका बाईंची आहे, वाचून दाखवतो. “माया अँजेलोचं काय? तिला तर मिसेस फ्लॉवर्सनी स्वतः वाचून दाखवलं होतं.” बाई, तुम्ही तयारी करून आला आहात. आर्कान्सातल्या स्टॅम्प्स गावची ही मुलगी एका भयानक प्रसंगानंतर जवळपास पाच वर्षं बोललीच नाही. बर्था फ्लॉवर्स नावाच्या बाईंनी तिला घरी बोलावलं, सरबत-बिस्किटं दिली, डिकन्सची ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ मोठ्यानं वाचून दाखवली, आणि सांगितलं की शब्दांना माणसाचा आवाज लागतो. तिच्या १९६९ च्या आत्मकथनात हे सगळं आहे. मान्य. पण ती मुलगी वाचत होतीच, फ्लॉवर्सबाईंनी तिला बोलती केली. आणि त्यांच्या कानावर आधीच होतं की हिचं शाळेतलं लेखी काम चांगलं आहे. म्हणजे माझं खूळ तिथेही चंचुप्रवेश करतं. नाही? बरं, अर्धे गुण तुम्हाला.

आता केनेथ कोक धावता. न्यूयॉर्कचा कवी. १९६८ साली मॅनहॅटनमधल्या ‘पी. एस. ६१’ या सार्वजनिक प्राथमिक शाळेत शिकवायला गेला. वर्गाला नियम दिला. प्रत्येक ओळ ‘मला वाटतं असं व्हावं’ या अर्थाच्या शब्दांनी सुरू करायची, तीत एक रंग, चित्रकथेतलं एक पात्र आणि एक शहर किंवा देश आणायचा. यमक नको. शुद्धलेखनाची काळजी तर मुळीच नको. प्रत्येकानं एक ओळ लिहायची, सगळ्या ओळी जोडून वर्गाची एक कविता, ती लगेच मोठ्यानं वाचायची. पोरं हसायला, जागच्या जागी उड्या मारायला लागली. १९७० साली त्याचं पुस्तक निघालं. ब्लेकची वाघावरची कविता त्यानं त्याच मुलांपुढे ठेवली, पण ती पुढच्या टप्प्यात. तोवर ती स्वतः लिहिती झाली होती. ब्लेककडे ती एखाद्या सहकाऱ्याकडे बघावं तशी बघत होती. त्या पुस्तकातली मुलांची कविता मिळवून वाचा. इथे वाचून दाखवायला वेळ नाही.

बिली कॉलिन्स या कवीनं शाळेच्या १८० दिवसांना १८० कविता काढल्या. रोज एक कविता वाचायची, अर्थ विचारायचा नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. अर्थ विचारायचा नाही हे मला फार आवडतं, आपल्या गाइडवाल्यांना आवडणार नाही. पण तिथे मुलांनी फक्त ऐकायचं. अमांडा गोरमन राहिली. २०२१ मध्ये बायडेन यांच्या शपथविधीला कविता वाचणारी बावीस वर्षांची मुलगी. मुलांसाठी कविता लिहिणारा शेल सिल्व्हरस्टीन राहिला. खजिनदार घड्याळ दाखवताहेत.

आपल्याकडे काही नाही असं म्हणून मी कुणाचा अपमान करत नाहीये. साने गुरुजी कथामाला आहे, शाळाशाळांतून हस्तलिखितं निघतात. ती हस्तलिखितं स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहुण्यांच्या हातात देतात, पाहुणे मुखपृष्ठावरचं गणपतीचं चित्र बघून “वा” म्हणतात आणि मग ती कपाटात जातात. पाहुणे मीही होतो. दोनदा.

संपवतो. दाराशी, चपलांच्या शेजारी एक खोका ठेवलाय, साबणाचा आहे. उद्या शेवटचं पुष्प आहे, येताना घरातल्या मुलांनी लिहिलेलं काहीही आणून त्यात टाका. वहीचं मागचं पान चालेल, इंग्रजीच्या वहीतलं मराठी चालेल. नाव आणि पत्ता तेवढा घाला. मी प्रत्येक कागद वाचीन आणि पोस्टकार्डानं उत्तर देईन. लाल पेन घरी नाही, पोस्टकार्डं मात्र शंभर आणून ठेवली आहेत.