जाणारा एक, राहणारे अनेक

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवाचं भाषण म्हटलं की पहिली वीट, पहिला हप्ता, पाण्याची अडचण हे सगळं ओघानं येतं. ते चिटणिसांच्या अहवालात आलेलं आहे, म्हणून मी सांगत बसत नाही. मला सांगितलं गेलं की मुलांना उपयोगी पडेल असं काहीतरी बोला. मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही लागू पडेल असा एक विषय मी घेतो. शिक्षणासाठी, कामासाठी परदेशी जायचं, की घरच्यांसाठी इथंच राहायचं?

आपल्या केमचं कुंकू गावोगाव जातं, याचा आपल्याला अभिमान आहे. आता आपली मुलंही तशीच लांब लांब जायला लागली. आधी रेल्वेनं पुण्याला, मग तिथून पुढं जर्मनी, दुबई, अमेरिका. मूल निघालं की घरात दोन गोष्टी एकदमच होतात. पेढे वाटले जातात आणि रात्री आईला झोप लागत नाही. मूलही मनातून दोन ठिकाणी असतं.

हा पेच आजचा नाही. इरावतीबाई कर्व्यांचं उदाहरण घ्या. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्या पुस्तकाला 1968 साली साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. पण त्यांचं मूळ काम मानववंशशास्त्राचं. माणसं मोजायची, कवट्या-हाडं अभ्यासायची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या 1939 पासून होत्या. तिथले पुरातत्त्वाचे मोठे संशोधक ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणजला उत्खननाचं कामही त्यांनी केलं. अश्मयुगातल्या शिकारी माणसांचे सांगाडे तिथं मिळाले. गुडघे दुमडून, नीट पुरलेले. ज्यांच्याकडे ना शेती ना पक्कं घर, त्यांनीसुद्धा आपली माणसं अशी जपून मातीला दिली होती. घरच्यांविषयीचं कर्तव्य इतकं जुनं आहे.

इरावतीबाईंचा जन्म 1905 चा, ब्रह्मदेशातला. वडील तिकडं नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सात वर्षांची झाल्यावर तिला शिकायला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. पुढं रँग्लर परांजप्यांच्या घरात ती घरच्या मुलीसारखी वाढली. म्हणजे बघा, आईवडील परमुलुखात आणि मूल दुसऱ्याच्या ओट्यावर! त्या घरानं तिला आपली मानलं नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

पुढं त्यांचं लग्न दिनकर धोंडो कर्व्यांशी झालं. म्हणजे त्या महर्षी अण्णासाहेब कर्व्यांच्या सूनबाई झाल्या. एम.ए. झाल्यावर जर्मनीत जाऊन डॉक्टरेट करायची असं ठरलं आणि घरातून विरोध झाला. कोणाचा? खुद्द अण्णांचा! ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, बायकांचं विद्यापीठ स्थापन केलं, त्यांना सुनेनं परदेशी जावं हे पसंत नव्हतं. हे सांगताना अण्णांना कमी लेखायचा माझा हेतू नाही. एवढ्या मोठ्या माणसालाही घरात तो निर्णय जड गेला, तर आपल्याला जड जाणारच, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता पुढची गंमत ऐका. सूनबाई 1928 साली बर्लिनला गेल्या. आणि 1929 साली हेच अण्णा, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, संस्थेच्या कामासाठी बोटीनं परदेशी निघाले. इंग्लंड, युरोप, अमेरिका, जपान करत 1930 मध्ये परत आले. काम मनापासून हवं असलं की माणूस निघतोच, मग तो सासरा असो की सून.

पण मला खरं बोलायचं आहे ते दिनकररावांबद्दल. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक. स्वतः जर्मनीत शिकून आलेले. वडिलांचा विरोध असताना ते बायकोच्या बाजूनं उभे राहिले. पैसे नव्हते, तर जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं. हेच मेहता पुढं गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. नवरा पुण्यात, बायको बर्लिनला. तेव्हा पत्र पोचायला आठवडे लागायचे. आज आपण मोबाईलवर रोज चेहरा बघतो आणि तरी तक्रार करतो!

बर्लिनला इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. त्यांचे मार्गदर्शक वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे होते. युरोपियनांच्या कवटीचा आकारच त्यांच्या बुद्धीची साक्ष देतो, असं त्यांचं म्हणणं. बाईंच्या मोजमापांतून तसं काही निघालं नाही आणि त्यांनी तसंच लिहिलं. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध! परत आल्यावर पहिली काही वर्षं त्यांनी मुंबईत अण्णांच्याच महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार म्हणून काम केलं. नको म्हणणाऱ्या सासऱ्यांच्या संस्थेला त्या शिक्षणाचा उपयोग झाला.

पुढं तीन मुलं, घर, आणि हे सगळं असताना देशभर फिरणं. त्या पालखीबरोबर पंढरीची वाटही चालल्या. त्या फिरू शकल्या, कारण घरात दिनकरराव होते. ‘परिपूर्ती’ नावाच्या लेखात त्यांनी एका समारंभाची हकिगत सांगितली आहे. सभेत त्यांची ओळख अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी झाली. तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. मग रस्त्यात खेळणाऱ्या पोरांनी त्यांना आपल्या सोबत्याची आई म्हणून ओळखलं आणि ती ओळख पुरी झाली. एवढी विदुषी, पण घराचं नातं तिनं कधी ओझं म्हणून झटकलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. "जाऊ की राहू" हा प्रश्न आपण एकट्या पोरावर टाकतो, हे बरोबर नाही. तो सगळ्या घराचा प्रश्न आहे. जाण्याआधी बसून बोला. किती वर्षांसाठी? आजारपणात कोण धावणार? खर्च कोण करणार? जो भाऊ, जी बहीण, जी सून इथं राहते, तिला काय वाटतं? जाणाऱ्याचा आपण स्टेशनवर हार घालून सत्कार करतो. मागं राहून आईचं पथ्यपाणी करणाऱ्याला साधं विचारतसुद्धा नाही. आणि परदेशातून महिन्याला पैसे आले म्हणजे कर्तव्य झालं, असंही नाही. रात्री दोन वाजता पाण्याचा तांब्या पैसा आणून देत नाही, माणूस देतो.

इथं आपल्या संस्थेचं काम येतं. सहकार म्हणजे नुसती मेंटेनन्सची वर्गणी नव्हे. ज्यांची मुलं लांब आहेत अशा घरांची एक यादी चिटणिसांकडं असू द्या. बार्शीला, कुर्डुवाडीला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कोणाची गाडी, कोण सोबत, हे पाळीनं ठरवा. सणाला त्या घरी ताट जाऊ द्या. आणि कृपा करून त्या आईला येता-जाता "मग, पोरगं कायमचंच तिकडं का?" असं विचारू नका. ते तिला बोचतं.

मुलांनो, तुम्ही जा, खूप शिका. जे खरं दिसेल ते निर्भयपणे मांडा. आणि तुम्हाला जाता यावं म्हणून इथं कोण थांबलं आहे, त्याचं नाव विसरू नका. परत याल तेव्हा आधी त्याला भेटा.